शी मोजू नका, शू मोजा: लहान बाळाचे विषाणूंमुळे होणारे जुलाब

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजण्यात चूक होत असेल तर तुम्हाला सांगता येईल. मुलगी अकरा महिन्यांची, वजन नऊ किलो. आधी पहिलीतल्या दादाला एक दिवस उलट्या झाल्या, दुसऱ्या दिवशी तो खेळायला लागला. मग हिचं अंग गरम झालं, सात-आठ उलट्या झाल्या आणि त्यानंतर पाण्यासारखी शी सुरू झाली. आज तिसरा दिवस, दिवसाला दहा-बारा वेळा. रक्त नाही. रोटा विषाणूवरच्या लसीचे तिन्ही डोस वेळेवर झालेत. तुमच्या डॉक्टरांनी ओआरएस आणि झिंक दिलं, अँटिबायोटिक दिलं नाही, शी तपासायलाही सांगितली नाही. सासूबाईंच्या मते दात येताहेत. शेजारीण म्हणते तिच्या मुलाचे जुलाब एका औषधाने एका दिवसात बंद झाले, डॉक्टर बदला. तुमचे प्रश्न दोन: लस देऊनही हे झालंच कसं? आणि डॉक्टर काही करत का नाहीत?

मी तालुक्याच्या गावी सव्वीस वर्षं लहान मुलं तपासते आहे. तुमच्या बाळाला मी पाहिलेलं नाही, आणि जुलाबाच्या बाळाबद्दल न पाहता बोलायला मर्यादा आहेत. डोळे, जीभ, पोटाची कातडी, नाडी हे हात लावूनच कळतं. बाळ दोन महिन्यांचं असतं, वजन फार कमी असतं किंवा दवाखाना तीन तासांवर असता, तर खाली लिहिलेलं बरंचसं मी वेगळं सांगितलं असतं. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचे डॉक्टर टाळाटाळ करत नाहीत. मीही हेच केलं असतं. का, ते सविस्तर सांगते, कारण नुसतं ‘डॉक्टरांवर विश्वास ठेवा’ म्हटल्याने रात्री दोन वाजता अकराव्यांदा लंगोट बदलणाऱ्या आईला धीर येत नाही.

घरातले सगळे सध्या एकच गोष्ट मोजताहेत: शी किती वेळा झाली. सकाळी आठ वेळा झाली म्हणून घाबरायचं, दुपारी दोनदाच झाली म्हणून सुटकेचा श्वास सोडायचा. या आजारात शीचा आकडा पहिले काही दिवस कुणाच्याच हातात नसतो. हातात असतं ते पाणी. जेवढं पाणी आणि मीठ अंगातून गेलं तेवढं परत जातंय का, यावर बाळाची तब्येत ठरते, आणि ते शूवरून कळतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईला मी एकच सांगते: शी मोजू नका, शू मोजा. बाळ चार-पाच तासांनी का होईना पण शू करतंय, रडताना डोळ्यांत पाणी येतंय, जीभ ओली आहे, मधूनमधून खेळतंय, तर दहा वेळा शी होऊनही ते ठीक आहे. आणि शी दोनदाच झाली पण सकाळपासून लंगोट शूने ओला झालेला नाही, तर ते बाळ मला लगेच बघायचं असतं.

आता आत काय चाललंय ते. लहान आतड्याचं अस्तर मखमलीसारखं असतं. त्यावर अगदी बारीक, बोटांसारखे उंचवटे असतात आणि त्यांच्या टोकांवर पूर्ण वाढ झालेल्या पेशी. अन्नातली साखर, मीठ, पाणी ओढून घ्यायचं काम या टोकांवरच्या पेशींचं. रोटा विषाणू नेमका याच पेशींत शिरतो. पेशी गळतात, मखमलीची लव झिजते. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेजही त्याच टोकांवर असतं, तेही कमी पडतं. न पचलेली साखर आतड्यात पाणी धरून ठेवते आणि ते पाणी खाली येतं. शिवाय रोटा एनएसपी-४ नावाचं एक प्रथिन सोडतो, त्यामुळे शेजारच्या धडधाकट पेशीही पाणी सोडायला लागतात. आतड्यातल्या मज्जातंतूंनाही तो चाळवतो आणि तिथून उलटीचा निरोप मेंदूकडे जातो. तुमच्या मुलीला आधी उलट्या आणि मग जुलाब झाले, तो क्रम असा येतो.

उंचवट्यांच्या मुळाशी नव्या पेशी सतत जन्माला येत असतात आणि वर सरकत सरकत टोकाला पोचतात. या प्रवासाला साधारण तीन ते पाच दिवस लागतात. एवढ्या दिवसांत शरीर विषाणूला आवरतं, लव पुन्हा उगवते आणि शी घट्ट होत जाते. रोटाचे जुलाब तीन ते आठ दिवस चालतात ते यामुळे. ही दुरुस्ती घाईने करून देणारं औषध माझ्याकडे नाही, शेजारणीच्या डॉक्टरांकडेही नाही.

पण एक गोष्ट या पडझडीतही पुष्कळशी शाबूत राहते, आणि सगळा उपचार तिच्यावर उभा आहे. आतड्याच्या पेशीला एक दार असतं, त्यातून ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम जोडीनेच आत जातात. ग्लुकोजच्या एका कणाबरोबर सोडियमचे दोन, आणि त्यांच्यामागून पाणी. नुसतं पाणी पाजलं तर ते पुरेसं शोषलं जात नाही. नुसती साखर जास्त झाली तर ती उलट अंगातलं पाणी आतड्यात खेचते. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात असली तरच दार नीट चालतं. ओआरएसच्या एक लिटरच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. हे प्रमाण २००२ पासूनचं, आधीच्यापेक्षा थोडं सौम्य केलेलं.

‘नुसती पुडी दिली’ असं तुम्ही लिहिलंत म्हणून हेही सांगते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला होता आणि सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मिसळलेलं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि ते पाजण्याचं काम नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्याही खाली आलं. चिखलात, जमिनीवर झोपलेल्या माणसांना आया-बहिणींनी पाजून वाचवलं. तुमच्या हातात जी पुडी आहे तिचा हा इतिहास आहे. ही पुडी म्हणजे उपचार न मिळाल्याची खूण, असं समजू नका.

आता कोणता विषाणू? खात्रीने सांगता येणार नाही, पण अंदाज बांधता येतो. दादाला एकच दिवस, उलट्या जास्त, लगेच बरा, आणि एक-दोन दिवसांत बहीण आजारी: हे नोरोव्हायरससारखं वाटतं. तो संसर्गानंतर बारा ते अठ्ठेचाळीस तासांत डोकं वर काढतो आणि शाळा, वसतिगृह, लग्नाचं जेवण अशा ठिकाणी एकदम पसरतो. त्याचं नावच अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावावरून पडलं. तिथल्या एका शाळेत १९६८ मध्ये साथ आली होती आणि त्या नमुन्यांत १९७२ मध्ये विषाणू दिसला. पण मुलीचा आजार तिसऱ्या दिवशीही जोरात आहे, ताप होता, म्हणजे रोटाही असू शकतो. मोठ्या मुलांना तो सौम्य होतो आणि तेच धाकट्याला देतात. रोटा १९७३ मध्ये मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. सूक्ष्मदर्शकाखाली तो चाकासारखा दिसतो, आणि लॅटिनमध्ये चाकाला रोटा म्हणतात. त्यापूर्वी लहान मुलांच्या बहुतेक जुलाबांचं कारण सापडतच नसे.

आणखी तीन नावं आहेत. आतड्याचा अॅडिनोव्हायरस, म्हणजे त्यातले ४० आणि ४१ क्रमांकाचे प्रकार, हा सावकाश चालणारा. संसर्गानंतर आठ-दहा दिवसांनी दिसतो आणि कधी कधी दोन आठवडे रेंगाळतो. अॅस्ट्रोव्हायरस आणि सॅपोव्हायरस बहुधा सौम्य असतात. या सगळ्यांत उपचार तोच. म्हणून शी तपासायला सांगितली नाही, ते योग्यच झालं. उलट साध्या तपासणीत दोन-चार पस सेल्स (पूच्या पेशी) लिहून येतात आणि त्या आकड्याच्या भीतीने अँटिबायोटिक सुरू होतं. कारण नसलेले असे कोर्स मी फार पाहिले आहेत.

लसीचं काय, हा तुमचा पहिला प्रश्न. त्यात तुमचा स्वतःवरचा रागही मला जाणवला, जणू काहीतरी राहून गेलं. काही राहिलेलं नाही. रोटाची लस फक्त रोटावर चालते, नोरो, अॅडिनो, अॅस्ट्रोवर नाही. आणि रोटावरही ती संसर्ग पूर्ण अडवण्यासाठी नसते, आजार गंभीर होऊ नये म्हणून असते. रोटाव्हॅक ही लस दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत सापडलेल्या ११६ई या विषाणूपासून बनली. त्या बाळांना संसर्ग झाला होता पण जुलाब झाले नव्हते, हे तिथल्या डॉक्टरांनी हेरलं. तिची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळच्या वढूमध्ये झाली. पहिल्या वर्षात रोटाचा गंभीर आजार सुमारे ५६ टक्क्यांनी कमी झाला. दुसरी लस, रोटासील, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. सरकारी लसीकरणात रोटाची लस २०१६ मध्ये चार राज्यांत सुरू झाली, महाराष्ट्रात २०१९ मध्ये आली.

५६ टक्के ऐकून लोक विचारतात, एवढंच? पण लसीआधी भारतात रोटामुळे वर्षाला सुमारे ७८ हजार मुलं दगावत असल्याचा अंदाज होता, आणि जुलाबासाठी दवाखान्यात भरती होणाऱ्या पाच वर्षांखालच्या दर दहा मुलांपैकी साधारण चार रोटाची असत. त्यातले निम्मे आजार जरी सौम्य झाले तरी किती घरं वाचतात ते बघा. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा डिसेंबर-जानेवारीत माझ्या छोट्या वॉर्डात एकेका खाटेवर दोन बाळं असत. बाळाच्या डोक्यावरच्या शिरेत सुई लावताना आई बाहेर उभी राहून रडत असे. गेली काही वर्षं त्या महिन्यांत जुलाबाची बाळं येतात, पण बहुतेक चमच्याने पीत पीत घरी जातात. तुमची मुलगी तीन दिवस जुलाब होऊनही घरी आहे, पितेय, हे लसीमुळे की विषाणूच सौम्य म्हणून, हे मला सांगता येणार नाही. पण लस वाया गेली असं मात्र म्हणू नका.

स्वच्छतेचा सलही मनात ठेवू नका. लस येण्याआधी अमेरिकेसारख्या देशातही पाच वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मूल रोटाला सामोरं गेलेलं असे. आजारी मुलाच्या एक ग्रॅम शीत अब्जावधी विषाणू असतात आणि नव्या बाळाला आजारी पाडायला दहा-शंभरही पुरतात.

सासूबाईंच्या दातांबद्दल. सहाव्या महिन्यापासून दीड-दोन वर्षांपर्यंत दात येतच असतात. त्याच वयात आईकडून मिळालेलं संरक्षण ओसरतं, बाळ रांगायला लागतं, हाती येईल ते तोंडात घालतं, वरचं अन्न सुरू होतं. दोन्ही एकाच काळात घडतात म्हणून जोडले गेले. दातांमुळे लाळ गळेल, बाळ किरकिरेल, पण दिवसाला दहा वेळा पाण्यासारखी शी आणि ताप होणार नाही. मात्र सासूबाईंचा अनुभव बाजूला सारू नका. त्यांना एक काम द्या: दिवसातून तीन-चारदा बाळाची टाळू बघायला सांगा. ‘टाळू बसली’ हे आपल्याकडच्या आज्यांचं निरीक्षण अगदी खरं आहे. अंगातलं पाणी कमी झालं की टाळू खोल जाते. फरक एवढाच, की तिच्यावर तेल घालून ती वर येत नाही, पाणी पाजल्याने येते. बाळ शांत असताना, मांडीवर सरळ बसवून बघायची.

अँटिबायोटिक का नाही, तर विषाणूवर ते चालत नाही. आणि ते दिल्याने आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, त्यातून जुलाब लांबू शकतात. शीत रक्त आणि शेंब असेल, कॉलऱ्याच्या साथीत तांदळाच्या धुवणासारखी शी असेल, बाळ अगदी लहान किंवा फार कुपोषित असेल आणि रक्तात संसर्ग झाल्याची शंका असेल, तर मी स्वतः अँटिबायोटिक देते, आणि तेव्हा ते द्यायलाच हवं. तुमच्या मुलीत यातलं काही दिसत नाही. शेजारणीच्या मुलाचे जुलाब एका दिवसात थांबले ते कदाचित नोरोचे असतील, जे एक ते तीन दिवसांत आपले आपणच थांबतात. ज्या दिवशी औषध दिलं त्याच दिवशी आजार संपत आला होता, आणि श्रेय औषधाला मिळालं.

शी थांबवणाऱ्या औषधांची मला खरी भीती आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चौदा महिन्यांचा एक मुलगा आला. जुलाब ‘बंद’ झाले होते, मोठ्या माणसांची लोपरामाइडची गोळी अर्धी करून कुणीतरी दिली होती. घरचे म्हणाले, शी थांबली पण हा उठत नाही. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, डोळे खोल. आतड्याची हालचाल थांबली होती आणि पाणी बाहेर न येता आतच साचत होतं. लंगोट कोरडे होते म्हणून आई-वडिलांना वाटलं बरं वाटतंय. तीन दिवस तो आमच्याकडे होता. वाचला. त्याच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो, कारण तिने सगळं बाळाच्या भल्यासाठीच केलं होतं. जायफळ उगाळून चाटवण्याबद्दलही माझा आग्रह हाच आहे: जुलाबाच्या बाळाला देऊ नका. जायफळाने गुंगी येते. मग बाळ पाणी कमी झाल्याने मलूल झालंय की जायफळाने झोपलंय, हे तुम्हालाही कळत नाही आणि मलाही.

आता पाजण्याविषयी, कारण खरी मेहनत इथे आहे. पुडी कोणत्या मापाची आहे ते आधी वाचा. मोठी पुडी एक लिटरची, छोटी दोनशे मिलीची. आजवर मी पाहिलेल्या चुकांत सर्वांत धोक्याची चूक म्हणजे मोठी पुडी एका पेल्यात कालवणं. एका आजोबांनी नातवाला ‘ताकद यावी’ म्हणून तसं दिलं होतं. मूल तहानेने वेडंपिसं झालं आणि रात्री त्याला झटके आले, कारण रक्तातलं मीठ भलतंच वाढलं होतं. अर्धी पुडी अर्ध्या लिटरला, हेही करू नका. पावडर सारखी मिसळलेली असेलच असं नाही. उकळून गार केलेलं पाणी मोजून घ्या, पूर्ण पुडी टाका, झाकून ठेवा, चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. वर साखर, लिंबू, सरबत काही घालू नका. पुडी नसेलच तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, पण हे पुडी मिळेपर्यंतच.

मेडिकलमध्ये तयार बाटली घेत असाल तर त्यावरचं बारीक अक्षर वाचा. कितीतरी गोड पेयं ओआरएसच्या नावाखाली विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने प्रमाणित सूत्र नसलेल्या पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का बघा. आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणारी पुडी उत्तम असते आणि फुकट असते.

किती द्यायचं? दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर पन्नास ते शंभर मिली, म्हणजे अर्धी ते एक छोटी वाटी. बाटलीने नाही, वाटी-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग एक चमचा, दोन मिनिटांनी पुन्हा एक. आया म्हणतात, एवढ्याशाने काय होणार? हिशोब करू या. एक चमचा पाच मिली. दर दोन मिनिटांना एक म्हणजे तासाला दीडशे मिली, चार तासांत सहाशे. नऊ किलोच्या बाळाच्या अंगातलं पाणी मध्यम प्रमाणात कमी झालं असेल, तर आम्ही चार तासांत साधारण पावणेसातशे मिली पाजतो. म्हणजे तुमचा चमचा जवळजवळ तेवढंच काम करतो, आणि तेही सुई न टोचता. सलाईन लागतं ते बाळ पिऊ शकत नसेल, सुस्त पडलं असेल, उलट्या थांबतच नसतील किंवा पोट फुगलं असेल तेव्हा. उलट्या फार असतील तर ऑनडॅनसेट्रॉनचा एखादा डोस पिणं सोपं करतो, पण तो वजन बघून तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

डायपरबद्दल एक युक्ती. पातळ शीत शू मिसळते आणि डायपर सगळंच शोषून घेतो, मग शू मोजणार कशी? दिवसा सुती लंगोट वापरा. डायपरच हवा असेल तर पुढच्या भागात स्वच्छ कापसाचा छोटा बोळा ठेवा. तो ओला आणि पिवळसर झाला की शू झाली.

अंगावरचं दूध अजिबात बंद करू नका, उलट जास्त वेळा पाजा. ‘दुधाने जुलाब वाढतात’ हे तुम्हाला नक्की कुणीतरी सांगेल. लॅक्टेज कमी झाल्याने शी थोडी वाढेल, आंबूस वास येईल, ढुंगण लाल होईल. तरीही बहुतेक बाळांना दूध थांबवायची गरज पडत नाही. जुलाब चौदा दिवसांच्या पुढे गेले तर तो विचार करायचा असतो. खाणंही चालू ठेवा: मऊ वरण-भात, मुगाची खिचडी वर थोडं तूप घालून, केळं, दही, मीठ घातलेली पेज. नव्या पेशी बनायला अन्न लागतं, उपाशी आतडं सावकाश भरतं. बाळ दोन घास घेऊन तोंड फिरवेल, ते चालेल, तासाभराने पुन्हा विचारा. पॅकबंद ज्यूस, कोल्ड्रिंक, ग्लुकोजची पावडर यांत साखर फार, ती वर सांगितलं तसं पाणी आतड्यात खेचते.

झिंक सहा महिन्यांपुढच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस. शी घट्ट झाली की सगळे ते बंद करतात. करू नका. त्याने आजार थोडा लवकर आटोपतो आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते. चवीला कसनुसं लागतं, गोळी असेल तर दुधात विरघळवून द्या. पहिल्यांदा उलटून पडलं तर घाबरू नका.

आता जे दिसलं तर हे वाचणंही थांबवून निघायचं, ते. सहा-आठ तास शू नाही. डोळे खोल, रडताना पाणी नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू बसते. बाळ मलूल आहे, नेहमीसारखं बघत नाही, किंवा चमचा तोंडाला लावला तरी पीत नाही. हिरवी उलटी. शीत रक्त. झटका. आणि एक वेगळी गोष्ट: बाळ अचानक पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, काही मिनिटांनी शांत आणि पांढरंफटक पडतं, पुन्हा किंचाळतं, मग शीत रक्त मिसळलेला लाल शेंब. यात आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. हे तुमच्या मुलीच्या वयातच जास्त होतं, आणि त्याला विषाणूचे जुलाब समजून घरी बसलेली बाळं मी उशिरा पाहिली आहेत. तासांचा प्रश्न असतो. रात्र असली तरी निघा, आणि जाताना वाटेत चमच्याने पाजत राहा.

राहिला दादा. तो बरा झालाय, पण त्याच्या शीतून विषाणू अजून काही दिवस, कधी आठवडे, बाहेर पडत राहतील. सॅनिटायझर नोरोवर फारसा चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी हवं, शी धुतल्यावर आणि बाळाला भरवण्याआधी, तुम्ही, सासूबाई आणि दादाने. लंगोट वेगळे गरम पाण्यात धुवा. मुलीला पाळणाघरात ठेवत असाल तर जुलाब थांबून दोन दिवस होईपर्यंत नेऊ नका, तिथे तिच्याहून लहान बाळं असतात.

आज रात्री एक कागद घ्या आणि त्यावर दोनच गोष्टी लिहा: शू केव्हा झाली, आणि किती चमचे गेले. सासूबाईंना टाळूचं विचारा. चार-चार तासांच्या पाळ्या लावा, तुम्हालाही झोप हवी, दूध पाजणारी आई कोरडी पडता कामा नये. उद्या सकाळी तो कागद तुमच्या डॉक्टरांना दाखवा, आणि जमलं तर मलाही कळवा, शू किती वेळा झाली ते.